१९३२ साली जिनिव्हात गाण्यांची युरोपीय स्पर्धा भरली असती तर?

लघुलहर (धागाकर्ता)

मंडळी,

दर मे महिन्यात युरोव्हिजनचा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेचा, कल्ला सुरू झाला की एक मत हमखास वाचायला मिळतं. असली स्पर्धा दुसऱ्या महायुद्धानंतरच सुचू शकली असती, त्याआधी युरोप एकमेकांच्या नरड्यावर बसलेला होता, वगैरे. मला हे साफ नामंजूर आहे. १९३२ च्या सुमारास या स्पर्धेला लागणारं सगळं सामान युरोपात तयार होतं. खोट होती ती रेडिओ चालवणाऱ्या साहेबलोकांच्या इच्छेची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिली युरोव्हिजन २४ मे १९५६ ला स्वित्झर्लंडातल्या लुगानोला झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी, आणि जिंकली यजमानांचीच लिस आसिया. कॅमेरे होते, पण टीव्ही तेव्हा होता किती घरांत? बहुतेकांनी तो कार्यक्रम रेडिओवरच ऐकला. तेव्हा 'टीव्ही नव्हता म्हणून आधी जमलं नसतं' हा मुद्दा बाद.

आता मागे चला. १९२५ मध्ये युरोपातल्या रेडिओ संस्थांनी जिनिव्हात आपली आंतरराष्ट्रीय युनियन काढली. मूळ काम भांडणं मिटवायचं: कोणाचं केंद्र कोणत्या लहरीवर बोलणार, म्हणजे एकाच्या बातम्यांत दुसऱ्याचा बँड घुसायला नको. १९२६ मध्ये लहरींची पहिली वाटणी झाली. ब्रसेल्सला राइमों ब्राइयार नावाचा इंजिनिअर कोण आपली लहर सोडून भरकटतंय ते मोजत बसायचा. याच युनियनने पुढे 'युरोपीय कॉन्सर्ट' सुरू केले. एका देशातला वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून इतर देशांत पोचायचा आणि तिथली केंद्रं तो आपापल्या श्रोत्यांना ऐकवायची. युरोव्हिजनने यात नवीन काय घातलं, सांगा. ऐकणारेही भरपूर होते. १९३२ अखेर एकट्या ब्रिटनमध्ये ५० लाखांवर रेडिओ परवाने होते, जर्मनीत ४० लाखांवर.

आणि गाण्यांना तर सरहद्द नावाची चीज माहीतच नव्हती. वॉर्साच्या येझी पेटर्सबुर्स्कीने १९२९ मध्ये 'टँगो मिलोंगा' बांधला. लगेच व्हिएन्नाच्या फ्रित्स ल्योनर-बेडाने त्यावर जर्मन शब्द बसवले, 'ओ, डोन्ना क्लारा', आणि ते गाणं खंडभर वाजलं. कोपनहेगनच्या याकोब गाडेने १९२५ मध्ये एका मूकपटाच्या साथीला म्हणून 'जालूझी' लिहिला, तो चित्रपट गेला आणि टँगो राहिला. पॅरिसला ल्युसियेन बॉयेर १९३० पासून 'पार्ले-मुआ दामूर' गाऊन लोकांचं पाणी करत होती. बर्लिनचे कॉमेडियन हार्मोनिस्ट्स, पाच गळे आणि एक पियानो, तिकिटं मिळायची मारामार. प्रागजवळ यारोमीर व्हेयव्होडाची पोल्का तयार होती, जी पुढे अर्ध्या जगाने बिअरच्या पिंपांचं गाणं म्हणून डोक्यावर घेतली.

मग घोडं अडलं कुठे? युनियनचा पहिला अध्यक्ष होता बीबीसीचा कार्पेंडेल, नौदलातला ॲडमिरल. बीबीसीचे सर्वेसर्वा रीथ रविवारी नाचाचं संगीत लागू देत नसत. अशा माणसांनी युरोपला एकत्र बसवून ऐकवलं ते सिंफनी आणि लोकगीतांचे वृंद. टँगो म्हणजे त्यांच्या लेखी हॉटेलातला प्रकार. लोकांना नेमकं तेच हवं होतं. १९३३ मध्ये २०० किलोवॉटचं रेडिओ लक्झेंबर्ग सुरू झालं, त्याने रविवारी हलकी गाणी आणि साबणाच्या जाहिराती लावल्या, आणि बीबीसीचे श्रोते तिकडे पळाले.

माझा प्रस्ताव: १९३२, जिनिव्हा, बारा देश, प्रत्येकी एक गाणं, परीक्षक आपापल्या देशात रेडिओला कान लावून बसलेले, गुण टेलिफोनवर. सांगा काय बिघडलं असतं.

तिरकस

१९३२ च्या फेब्रुवारीत जिनिव्हातच निःशस्त्रीकरण परिषद भरली होती. साठेक देशांची माणसं जमली होती, निष्पन्न काय झालं ते जगाने पाहिलं. शेजारच्या हॉलमध्ये टँगो लावला असता तर निदान संध्याकाळ बरी गेली असती.

बाकी चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

मीनल

लघुलहर, धागा आवडला, पण प्रस्ताव अजिबात पटला नाही. तुम्ही स्पर्धा भरली नाही असं धरून चालला आहात. ती भरली होती. १९२४ ते १९३६ मध्ये चार वेळा भरली आणि दर वेळी बोऱ्या वाजला.

त्या काळात ऑलिंपिकमध्ये कलेच्याही स्पर्धा असत आणि त्यात संगीतरचनेला पदकं होती. १९२४, पॅरिस: परीक्षकांत स्ट्राव्हिन्स्की, राव्हेल, बार्टोक अशी बडी धेंडं. निकाल काय? एकालाही पदक नाही. कोणाचीच रचना पसंत नाही! १९२८, ॲम्स्टरडॅम: फक्त एक कांस्य, डेन्मार्कच्या रुडॉल्फ सिमोन्सनला. १९३२, लॉस एंजेलिस: फक्त एक रौप्य, ड्वोर्झाकचा जावई योसेफ सुक याला, आणि तेही मार्चला. सुवर्ण तेव्हाही कोणाला नाही. मग आलं १९३६, बर्लिन. तोवर कंजूष असलेली पदकं एकदम धो धो वाहू लागली. गीत आणि वृंदगानाच्या विभागात सुवर्ण, रौप्य, कांस्य तिन्ही जर्मनीला. वाद्यवृंदाचं सुवर्णही जर्मनीला, रौप्य इटलीला, आणि कांस्य चेकोस्लोव्हाकियाच्या क्रिच्काला.

म्हणजे राज्यकर्त्यांना रस नव्हता तोवर स्पर्धा मेलेली होती, आणि रस वाटला तेव्हा ती त्यांच्या घशात गेली. मधला काळ तुम्हाला कुठे दिसतो?

वाचनमात्र

मीनलताई, दंडवत! हे ऑलिंपिकचं माहीत नव्हतं.

लघुलहर

मीनलताई, १९२४ चं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं की! स्ट्राव्हिन्स्की आणि राव्हेलला खेळाडूंसाठी लिहिलेलं संगीत तपासायला बसवलं, दुसरं काय होणार? ज्यांना लोकांची आवड हीन वाटते त्यांच्या हाती गुणपत्रिका दिली की पदक पेटीतच राहतं. माझ्या स्पर्धेत परीक्षक म्हणून ट्रॅमचे कंडक्टर आणि टायपिस्ट बसतील.

आणि मधला काळ नाही म्हणता? १९२७ साली वॉर्साला पहिली शोपँ पियानो स्पर्धा झाली. यजमान पोलंड. सात वर्षांपूर्वी, १९२० मध्ये, बोल्शेविक फौजा वॉर्साच्या वेशीपर्यंत येऊन थडकल्या होत्या. आणि पहिलं बक्षीस कोणाला? सोव्हिएत रशियाच्या लेव्ह ओबोरिनला! शोपँ, म्हणजे पोलंडचा जीव की प्राण, आणि त्याच्या गावात त्याच्याच रचना वाजवून मॉस्कोचा पोरगा जिंकतो आणि सभागृह टाळ्या वाजवतं. १९३२ च्या दुसऱ्या स्पर्धेत उनिन्स्की आणि इम्रे उंगार या पियानोवादकांचे गुण सारखे झाले तेव्हा चक्क नाणं उडवून निकाल लावला. १९३५ ला वॉर्सातच व्हीन्याव्स्की व्हायोलिन स्पर्धा, तिथे पंधरा वर्षांच्या फ्रेंच जिनेट न्हवूने सोव्हिएत रशियाच्या डेव्हिड ऑइस्ट्राखला दुसऱ्या नंबरावर ढकललं. आता म्हणा, त्या काळी न्याय होत नव्हता.

मीनल

पियानोला मातृभाषा नसते, गाण्याला असते. सगळा फरक तिथेच आहे. ओबोरिन पोलंडचंच संगीत वाजवत होता, रशियाचं नव्हे. हाच ओबोरिन वॉर्साच्या मंचावर उभा राहून रशियनमध्ये गायला असता तर टाळ्या वाजल्या असत्या का, हे तुम्हीच सांगा.

शिवाय ऑइस्ट्राखचं नाव काढलंत म्हणून. त्याच ऑइस्ट्राखने १९३७ ला ब्रसेल्सची इझाई व्हायोलिन स्पर्धा मारली, १९३८ ला तिथेच त्याच्याच देशाच्या गिलेल्सने पियानोची. तो काळ स्टालिनच्या धरपकडीचा. घरी माणसं गायब होत होती आणि बाहेर 'बघा आमचं संगीत' चाललं होतं. स्पर्धा प्रामाणिक होती, कबूल. वापर कशासाठी झाला ते बघा.

प्रागकर

मी गेली काही वर्षं इकडे चेकियात आहे, म्हणून व्हेयव्होडाच्या पोल्काबद्दल दोन ओळी. तुमच्या १९३२ च्या यादीत ती बसायची नाही हो. चाल १९२७ ची, पण शब्द १९३४ मध्ये आले. तोवर ती नुसती 'मॉद्रझानची पोल्का' होती, बँडवाल्यांची. शब्द आल्यावर जर्मनांनी तिचं 'रोझामुंडे' केलं, अमेरिकेत १९३९ ला इंग्रजीत गाजली, आणि युद्धात दोन्ही बाजूंचे शिपाई तीच म्हणत होते, दोघांनाही आपलीच वाटत होती.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. समजा चेकोस्लोव्हाकियाने गाणं पाठवायचं ठरवलं. कोणत्या भाषेत? देशात तीस लाखांवर जर्मन बोलणारे. स्लोव्हाक वेगळे, हंगेरियन वेगळे. चेक गाणं पाठवलं की लिबेरेट्सच्या भागातले जर्मन म्हणणार, आमचा रेडिओ परवाना फुकटचा आहे का? बेल्जियममध्ये फ्लेमिश आणि फ्रेंचचं रडगाणं. स्वित्झर्लंडात जर्मनसाठी बेरोम्युन्स्टर, फ्रेंचसाठी सोतां, इटालियनसाठी मोंते चेनेरी, एका देशाची तीन केंद्रं. देशाच्या नावाने गाणं पाठवायचं म्हटलं की आधी घरातच महाभारत. आजची युरोव्हिजनही या गुंत्यातून सुटलेली नाही, पण आज बेल्जियमचे दोन रेडिओवाले आलटून पालटून गाणं पाठवतात आणि कोणी दगड उचलत नाही. १९३२ च्या सुदेटन, म्हणजे त्याच जर्मनभाषक, भागात कोणी ना कोणी नक्की उचलला असता.

लघुलहर

प्रागकर, मुद्दा वजनदार आहे. पण स्विस लोकांनी १९५६ ला एक गाणं जर्मनमध्ये आणि एक फ्रेंचमध्ये पाठवलं आणि लिस आसियाच दोन्ही गायली. तोडगा निघतो. हवा असला तर.

सूरपेटी

माझा आक्षेप आणखी निराळा. तुम्ही दोघंही स्पर्धेला राजकारण म्हणून बघताय, मी धंदा म्हणून बघतो. स्पर्धेची गरजच काय होती? तो निकाल रोज लागत होता, दुकानात.

त्या काळचं गाणं चालायचं कसं ते बघा. संगीतकार चाल विकायचा प्रकाशकाला. प्रकाशक नोटेशनचे कागद छापायचा. दुसऱ्या देशाचा प्रकाशक हक्क घेऊन आपल्या भाषेत शब्द लिहून घ्यायचा. मग त्या शहरातला प्रत्येक हॉटेलबँड ती चाल आपल्या पद्धतीने वाजवायचा. तबकडीवर बँडचं नाव ठळक, गाणाऱ्याचं नाव बारीक, कधी कधी नाहीच, नुसतं 'गायनासह'. बर्लिनचा माणूस 'डोन्ना क्लारा' ऐकताना आपण पोलिश गाणं ऐकतोय असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पॅरिसचा माणूस ते फ्रेंचमध्ये ऐकत होता. गाण्याच्या पाठीवर झेंडा नव्हता म्हणूनच ते एवढ्या सुखाने हिंडत होतं.

तुम्ही त्याला जिनिव्हात उभं करून निवेदकाकडून म्हणवणार, 'आता ऐका, पोलंडचं गाणं'. त्या क्षणी कॅथोविट्सच्या आसपासचा जर्मन ऐकणारा, ज्याचा प्रदेश १९२२ ला पोलंडकडे गेलाय, तो बटण पिळून मोकळा होणार. काल हेच गाणं तो बायकोबरोबर नाचला होता.

तिरकस

सूरपेटी +१. एवढं चांगलं चाललेलं गाणं बिचारं स्पर्धेत घालून कशाला मारायचं?

वाचनमात्र

मीही आज मौन सोडतो. तुम्ही सगळे मध्य युरोपातच फिरताय, जरा आग्नेयेला या. तिथे सरकारला आपल्याच लोकांच्या गाण्याची लाज वाटत होती.

तुर्कस्तान: १९३४ च्या नोव्हेंबरात पारंपरिक तुर्की संगीत रेडिओवरून बंद. का, तर देश आधुनिक करायचाय. जवळजवळ वीस महिने रेडिओवर पाश्चात्य संगीत. लोकांनी काय केलं? सुई फिरवून अरबी केंद्रं लावली, तिथे निदान ओळखीचे सूर तरी होते. ग्रीस: १९२२ ला स्मिर्ना (आजचं इझमीर) जळाल्यावर लाखो निर्वासित ग्रीसला आले, अथेन्सच्या पिरेयस बंदरातही, त्यांनी आपली गाणी आणली, आणि रेबेतिको हे गल्लीबोळांतलं ग्रीक गाणं बहरलं. १९३६ मध्ये मेताक्सासची हुकूमशाही आली आणि सेन्सॉर बसला. अमानेदेस, म्हणजे ते लांबलचक आळवून गायचे प्रकार, तुर्की वाटतात म्हणून बंद.

आता या दोन देशांनी लघुलहर साहेबांच्या जिनिव्हाला काय पाठवलं असतं? रेबेतिको गाणाऱ्या रोझा एस्केनाझीला? छे. युरोपीय दिसणारा, केस चापून बसवलेला टँगो. तुर्कस्तानात सेय्यान हानिम तेव्हा टँगो गातच होत्या. रुमानियाही टँगो, पोलंडही टँगो, फिनलंडही टँगो. म्हणजे बारा देशांचे बारा टँगो. प्रत्येक देश आपलं खरं गाणं घरी कुलपात ठेवून आला असता.

तिरकस

आणि पहिला नंबर अर्जेंटिनाचा, स्पर्धेत नसताना.

लघुलहर

हसून हसून पुरेवाट. पण वाचनमात्र, आजच्या युरोव्हिजनमध्ये तरी वेगळं काय होतं? कितीतरी देश स्वीडनच्या संगीतकारांकडून गाणी लिहून घेतात. एकसारखेपणा हा स्पर्धा न होण्यामागचा मुद्दा नाही, तो स्पर्धा झाल्याचा पुरावा आहे.

आणि मंडळी, तुम्ही मला सारखं १९३४ आणि १९३६ मध्ये ओढताय. मी १९३२ म्हटलंय. १९२९ ते जानेवारी १९३३ ही माझी खिडकी आहे. त्यातलं उदाहरण द्या.

मीनल

घ्या १९३२. जर्मनीत फोन पापेनच्या सरकारने त्याच वर्षी रेडिओ पुरता सरकारी ताब्यात घेतला. हिटलर यायच्या आधी. खिडकी म्हणता ती तेव्हाच लोटली जात होती.

बरं, समजा तुमची पहिली स्पर्धा झाली. झक्कास झाली. कॉमेडियन हार्मोनिस्ट्स जिंकले, त्यांच्या तोडीचं दुसरं होतं कोण. नियमाप्रमाणे पुढची स्पर्धा बर्लिनला, १९३३ च्या वसंतात. १३ मार्च १९३३ ला गोबेल्स मंत्री झालेला आहे आणि रेडिओ त्याच्या टेबलावर. उद्घाटनाचं भाषण कोण करणार, तोच! ऑगस्टमध्ये त्याने ७६ मार्कांचा स्वस्त 'लोकांचा रेडिओ' बाजारात आणला, मॉडेलचं नाव व्हीई ३०१. ३०१ म्हणजे ३० जानेवारी, हिटलर चॅन्सेलर झाला ती तारीख. गाणं ऐकायच्या डब्याच्या नंबरातसुद्धा सत्ता.

आणि गेल्या वर्षीचे विजेते? सहातले तिघे ज्यू. १९३५ ला बंदी आली, गट फुटला. ज्यू तिघांनी व्हिएन्नात नवे साथीदार घेऊन एक संच केला, राहिलेल्या तिघांनी बर्लिनला दुसरा. आता सांगा, जर्मनीचं गाणं कोणतं? 'ब्लू एंजल' चित्रपटात मार्लेन डिट्रिचसाठी गाणी बांधणारा होलेंडर १९३३ लाच देश सोडून गेला. तुमचा लाडका ल्योनर-बेडा, डोन्ना क्लाराचे शब्दवाला, बुखेनवाल्डमार्गे ऑशविट्झला पोचला आणि १९४२ मध्ये तिथे मारला गेला. मूळ पोलिश शब्द लिहिणारा आंद्झेय व्लास्ट वॉर्साच्या घेट्टोतून वाचला नाही. वॉर्साचा टँगोसम्राट आर्तुर गोल्ड त्रेब्लिंकात मेला. तुमच्या यादीत ज्यांनी गाणी बांधली आणि लिहिली, त्यांच्यातल्या निम्म्यांना त्यांचेच देश 'आमचे' म्हणायला तयार नव्हते. देशांच्या नावाने स्पर्धा भरवायची कशी?

प्रागकर

मीनलताईंनी जे लिहिलंय त्यापुढे माझा भाषेचा मुद्दा किरकोळ आहे.

लघुलहर

ताई, यातलं काहीच नाकारत नाही. फक्त एवढंच विचारतो: हुकूमशहा असले की स्पर्धा होत नाही, हा नियम कुठून आला? फ्रँकोचा स्पेन १९६१ पासून युरोव्हिजनमध्ये होता, सालाझारचा पोर्तुगाल १९६४ पासून. त्याच वर्षी कोपनहेगनला एक माणूस 'फ्रँको आणि सालाझारवर बहिष्कार टाका' असा फलक घेऊन मंचावर घुसला, त्याला बाहेर काढलं, पुढचं गाणं सुरू. आणि १९७४ मध्ये त्याच पोर्तुगालचं युरोव्हिजनचं गाणं लिस्बनच्या रेडिओवर रात्री वाजलं, तो लष्करी उठावाचा पहिला इशारा होता! हुकूमशाही पडायला स्पर्धेचं गाणं कामी आलं. मग स्पर्धा फक्त गोबेल्सच्याच कामी येते असं कसं म्हणता?

आणखी एक गंमत. १९३९ ला लाले आंडर्सनने 'लिली मार्लेन' गायलं, १९४१ पासून बेलग्रेडच्या जर्मन केंद्रावरून ते दोन्ही फौजांत पसरलं. तीच लाले आंडर्सन १९६१ ला फ्रान्सच्या कान शहरात पश्चिम जर्मनीकडून युरोव्हिजनला उभी होती. तेरावी आली. युद्धाआधीचा गळा युद्धानंतरच्या स्पर्धेत चालला, तर युद्धाआधीची स्पर्धा का चालू नये?

मीनल

कारण १९५६ च्या त्या सात देशांची यादी बघा एकदा. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. हे सहा म्हणजे कोळसा-पोलाद समुदायाचे (आजच्या युरोपीय संघाचं मूळ) तंतोतंत सहा सदस्य. सातवे यजमान स्विस. पोलंड नाही, हंगेरी नाही, चेकोस्लोव्हाकिया नाही. रेडिओवाल्यांची युनियनच तोवर दुभंगली होती, पूर्वेची वेगळी, पश्चिमेची १९५० पासून वेगळी. ज्यांच्याशी भांडण होतं ते खोलीबाहेर होते, म्हणून खोलीत गाणं जमलं. तुमच्या जिनिव्हात सगळे एकाच खोलीत, आणि प्रत्येकाच्या खिशात शेजाऱ्याच्या जमिनीचा नकाशा. स्पेन-पोर्तुगाल नंतर आले, तेव्हा घडी बसलेली होती.

सूरपेटी

हे सहा देशांचं कधी लक्षात आलं नव्हतं. झकास.

अवांतर: युनियन आणि जिनिव्हाचा विषय निघालाय म्हणून. रेडिओवरून एकमेकांविरुद्ध चिथावणी द्यायची नाही असा करार लीग ऑफ नेशन्सने, म्हणजे राष्ट्रसंघाने, १९३६ च्या सप्टेंबरात जिनिव्हात केला. जर्मनी-इटलीने सही केली नाही, हिंदुस्थानने केली आणि पुढच्या वर्षी मंजूरही केला. म्हणजे जो देश स्वतःच्या मर्जीने रेडिओवर चकार शब्द बोलू शकत नव्हता त्याने चिथावणी न देण्याची हमी दिली. आणि युरोपातल्या याच उलथापालथीत चेकोस्लोव्हाकियातल्या कार्ल्सबादचा संगीतकार वॉल्टर काउफमन १९३४ ला मुंबईत येऊन पडला, पुढे मुंबई रेडिओवर नोकरीला लागला. आकाशवाणीची ती तंबोरा-व्हायोलिनची सुरुवातीची धून त्याच्याच नावावर सांगतात. युरोपचं १९३२ आपल्याकडे आलं ते असं.

ओहम

राजकारण तुम्ही बघा, मी तारांचं बोलतो. व्यवसायाने रेडिओचं काम केलंय, म्हणून राहवत नाही.

लघुलहरचा प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण 'टेलिफोनच्या तारांवरून' हे वाक्य वाटतं तेवढं सोपं नाही. साधी टेलिफोनची जोडी बोलणं समजेल इतकाच पट्टा नेते. तळाचा बास आणि वरची झांज दोन्ही कापली जातात. संगीतासाठी केबलमधल्या खास जोड्या लागत, त्या आधी बुक कराव्या लागत, आणि प्रत्येक देशाचं टपालखातं आपापल्या हद्दीतल्या तारेचं भाडं लावी. जिनिव्हाहून स्टॉकहोमला गाणं पोचायचं तर वाटेत अनेक ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येक ठिकाणी खरखरीची भर. नाजूक आवाजाचं गाणं स्टॉकहोमला पोचेस्तोवर निम्मं झालेलं. पत्र्याचे ब्रास बँड आणि ठसठशीत पुरुषी आवाज तरतात. त्यामुळे परीक्षक कोणत्याही देशाचे असोत, मत आधी केबल देणार.

दुसरं, वेळ. सगळ्यांना रात्री आठला सुरू करायचंय म्हणता, कोणाचे आठ? ब्रिटन ग्रिनिचवर, जर्मनी तासभर पुढे, आणि नेदरलँड्स तेव्हा ग्रिनिचच्या १९ मिनिटं ३२ सेकंद पुढे! ॲम्स्टरडॅमची स्थानिक वेळ हीच देशाची कायदेशीर वेळ होती. हिल्व्हर्सुमच्या, म्हणजे डच रेडिओच्या, निवेदकाने घड्याळाकडे बघत कार्यक्रम जोडायचा म्हणजे कसरत.

माझ्याकडे त्या काळातला एक रेडिओ आहे, व्हाल्व्हचा. त्याच्या काचेच्या पट्टीवर आकडे कमी आणि शहरं जास्त: कालुंडबोर्ग, ब्रेस्लाऊ, ल्वूव्ह, बर्नो, आथलोन, तुलूझ. सुई एक केस सरकली की देश बदलतो. रात्री काळोख पडल्यावर मध्यम लहरी लांब जातात, तेव्हा ही सगळी शहरं खरोखर एकावर एक ऐकू येत असणार. लोक स्वतःच सुई फिरवून देश निवडत होते. सूरपेटी म्हणतात ते मला पटतं, निवडणूक रोज रात्री होत होती.

लघुलहर

ओहम, १९ मिनिटं ३२ सेकंद! या एका माहितीसाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

पण तुम्ही शक्य म्हणालात, मी तेवढंच धरून ठेवणार. केबलचं भाडं युनियन भरेल. चला, वाद बाजूला, १९३२ ची यादी टाकतो, आपापलं मत द्या, स्वतःच्या आवडीला एकच.

पोलंड: 'टँगो मिलोंगा'. फ्रान्स: ल्युसियेन बॉयेर. जर्मनी: कॉमेडियन हार्मोनिस्ट्स, वसंत आला हो म्हणणारी 'व्हेरोनिका'. इटली: 'पार्लामी दामोरे, मारियू', त्याच वर्षीच्या चित्रपटातलं, डे सिकाने गायलेलं. ब्रिटन: रे नोबलचं 'गुडनाईट स्वीटहार्ट', अल बोलीच्या आवाजात. डेन्मार्क: 'जालूझी'. बाकीचे सहा तुम्ही सुचवा.

प्रागकर

इटली. डे सिकाने पुढे मोठे चित्रपट काढले तरी मला तो गाणाराच आवडतो.

वाचनमात्र

जर्मनी. वर जे वाचलं त्यानंतर दुसऱ्या कोणाला देववत नाही.

सूरपेटी

पोलंड. पण शब्द जर्मन चालतील का? मला तेच पाठ आहेत.

मीनल

स्पर्धेला माझा विरोध कायम आहे, पण मत देते. डेन्मार्क. मूळ रचनेत शब्दच नाहीत, त्यामुळे कोणाच्या भाषेचं भांडण नाही, आणि मूकपटासाठी लिहिलेलं असल्याने कोणाच्या राष्ट्रगौरवाचाही प्रश्न नाही.

लघुलहर

ताई, शब्द नसलेलं गाणं नियमात बसत नाही.

मीनल

यादी तुमची, त्यात डेन्मार्क टाकलंत तुम्ही. नियम कोणी केलेत?

तिरकस

ॲडमिरल कार्पेंडेलनी.